जैवरेणू पाठ करायचे नाहीत, भाकरी आणि चादरीतून शिकायचे, ते कसं

मागच्या संक्रांतीला अख्खं सोलापूर होम मैदानावर गड्ड्याच्या जत्रेला चाललेलं, आणि माझी भाची मांडीवर पुस्तक घेऊन पुटपुटत बसलेली, "अल्फा एक-चार ग्लायकोसिडिक बंध, बीटा एक-चार ग्लायकोसिडिक बंध." मी म्हटलं काय करायलीस गं, तर म्हणे मामा, बायोमोलेक्यूल्स, म्हंजे जैवरेणू, पाठ करायले. अल्फा म्हंजे काय विचारलं तर गप्प. क्लासच्या नोट्स ३६ पानांच्या, आणि त्यात एका ओळीतपण असं नाही की बाई, हे सगळं तुझ्या ताटात पडलंय.

मी बीएस्सी केमिस्ट्री, सध्या खत-औषधांचं दुकान, म्हंजे रसायनशास्त्राशी संबंध मोरचूद (कॉपर सल्फेट) किलोवर विकण्याइतकाच राहिलाय. पण त्या आठवडाभरात आम्ही दोघांनी आईच्या स्वयंपाकघरात जो धुडगूस घातला त्यातनं तिला हा धडा असा काही बसला की म्हटलं लिहून टाकावं. ११वी-१२वीची पोरं असतील घरात तर करून बघा, खर्च दोनशे रुपयांच्या आत.

आधी सामान. मेडिकलमधनं पोव्हिडोन आयोडीनची छोटी बाटली (जखमेवर लावतात ते तपकिरी औषध) आणि सर्जिकल स्पिरिट. घरातलं: ज्वारीचं पीठ, शेंगा चटणी, दूध, लिंबू, एक पिकलेलं आणि एक कच्चं केळं, भांडी घासायचं लिक्विड, मीठ, टूथपिकचा डबा, जुन्या सोलापुरी चादरीची एखादी दशी आणि मिळाली तर घोंगडीचा एक धागा. जानेवारी असेल तर काळी द्राक्षं, लाल गाजर, मटार आणि रात्री भिजत घातलेले काबुली चणे. हे चणे कशाला ते सांगतोच.

पहिलं काम, हात मोजा

पुस्तक मिटून ठेवा आणि चार आकडे लक्षात घ्या, एवढंच पाठांतर आहे या सगळ्यात. हायड्रोजनला एक हात (म्हंजे तो एकच बंध करतो), ऑक्सिजनला दोन, नायट्रोजनला तीन, कार्बनला चार. एक-दोन-तीन-चार. कुणाचाही हात रिकामा राहता कामा नये, हा नियम. नंतर फॉस्फरस येतो त्याला पाच धरायचे, आणि गंधक बहुतेक वेळा ऑक्सिजनसारखा दोन हातांचा. सगळ्या सजीवांचा बराचसा माल या सहा जणांतूनच बनतो. माणसाच्या वजनात साधारण ६५ टक्के ऑक्सिजन, १८ टक्के कार्बन, १० टक्के हायड्रोजन आणि ३ टक्के नायट्रोजन, म्हंजे चौघांचे मिळूनच ९६ झाले. ऑक्सिजन एवढा का, तर आपण मुळात पाण्याची पिशवी आहोत म्हणून.

आता मॉडेल. काळं द्राक्ष म्हंजे कार्बन, गाजराचा तुकडा म्हंजे ऑक्सिजन, मटार नायट्रोजन, काबुली चणा हायड्रोजन. टूथपिक अर्धी मोडली की एक बंध. बाजारात मॉडेलचा किट मिळतो पण तो महाग आणि नंतर खाता येत नाही. एक धोका सांगतो, द्राक्षाला चार टूथपिक टोचल्या की ते गळायला लागतं, तर जरा कडक, अर्धवट पिकलेली द्राक्षं घ्या.

सुरुवात ग्लायसिनपासून करा, हे सगळ्यात छोटं अमिनो आम्ल. दोन द्राक्षं, पाच चणे, एक मटार, दोन गाजरं, दहा नग. मटारला दोन चणे आणि एक द्राक्ष लावा, मटारचे तीन हात संपले. त्या द्राक्षाला आणखी दोन चणे आणि दुसरं द्राक्ष, म्हंजे त्याचे चार संपले. दुसऱ्या द्राक्षाला एक गाजर दोन टूथपिकांनी (दुहेरी बंध) आणि दुसरं गाजर एकीनं, आणि त्या गाजराचा उरलेला हात पाचव्या चण्याला. झालं ग्लायसिन. भाचीनं हे पहिल्यांदा केलं तेव्हा चणे कमी पडले आणि ती म्हणाली पुस्तकात चुकलंय. पुस्तकात नव्हतं चुकलं, तिनं दुहेरी बंधाच्या जागी एकच टूथपिक लावली होती आणि मग चणा कुठंतरी चुकीच्या जागी जाऊन बसलेला. हा असा गोंधळ दोनदा झाला की रचना आपोआप डोक्यात बसते.

दुसरं, पाणी काढा

हा सगळ्या धड्याचा गाभा आहे, इथं घाई करू नका. ग्लायसिनची दोन मॉडेलं शेजारी ठेवा. एकाच्या टोकाला गाजर आणि चणा आहेत ते दोन्ही काढा, दुसऱ्याच्या मटारवरचा एक चणा काढा. हातात काय उरलं? एक गाजर, दोन चणे. एचटूओ, पाणी! आता दोन्हीकडं एकेक हात रिकामा आहे ते एकमेकांना जोडून टाका. झाला पेप्टाइड बंध. रेणूच्या वजनाचा हिशोब करा, ग्लायसिन ७५, दोन मिळून १५०, पाण्याचे १८ गेले, राहिले १३२. बरोबर तेवढंच येतं.

आणि गंमत म्हंजे हीच युक्ती सगळीकडं. साखर घ्या, आपल्या जिल्ह्यात साखर कारखान्यांना काही तोटा नाही. ग्लुकोज सी६ एच१२ ओ६, वजन १८०. फ्रुक्टोजचं सूत्र तेच, वजन तेच, फक्त मांडणी वेगळी. दोघांची गाठ बांधली (हाच तो ग्लायकोसिडिक बंध) आणि पाणी बाहेर काढलं, १८० अधिक १८० वजा १८, म्हंजे ३४२, आणि सूत्र सी१२ एच२२ ओ११. हीच तुमच्या चहातली साखर. पोरं ते २२ आणि ११ पाठ करतात आणि परीक्षेत २४ आणि १२ लिहून येतात, कारण पाणी गेलेलं त्यांनी डोळ्यानं बघितलेलंच नसतं. पचन म्हंजे याच्या उलट, पाणी घालून गाठ सोडायची.

साखरेत खरंच पाणी दडलंय का ते बघायचं असेल तर एका जुन्या स्टीलच्या भांड्यात चमचाभर साखर तापवा आणि वर थंड ताटली धरा. आम्ही आधी गॅसवर केलं, ताटलीखाली थेंब जमले, मी खूश, तर भाची म्हणाली मामा, गॅस जळतानापण पाण्याची वाफच होते की. खरं होतं, मला गप बसावं लागलं. मग इंडक्शनवर केलं, साखर पातळ झाली, मग लाल, मग धूर, शेवटी काळा कोळसा, आणि ताटलीवर थेंब आलेच. खाली राहिलेला तो काळा माल म्हंजे कार्बन. तव्यावर विसरलेल्या भाकरीचं काळं पडतं तेपण तेच. खिडकी उघडी ठेवा आणि भांडं टाकायचंच घ्या, आमच्या आईनं त्यावरनं दोन दिवस ऐकवलंय.

भाकरी आणि चादर

आता आपल्या सोलापूरचा मुख्य विषय. ज्वारीची भाकरी आणि सोलापुरी सुती चादर, दोन्ही एकाच वस्तूच्या बनल्यात. भाकरीतलं स्टार्च म्हंजे ग्लुकोजच्या माळा, आणि कापसातलं सेल्युलोज म्हंजे पण ग्लुकोजच्याच माळा. पाणी काढून गाठ मारायची रीत तीच. मग एक पोटात जिरते आणि दुसरी चावत बसलात तरी काही होणार नाही, हे कसं?

ग्लुकोज पाण्यात असताना बहुतेक वेळा कडं करून असतो, पाच कार्बन आणि एक ऑक्सिजन कड्यात, सहावा कार्बन बाहेर लटकलेला. पहिल्या कार्बनवरचा ओएच (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) खाली असला तर अल्फा, वर असला तर बीटा. एवढाच तो फरक ज्याच्यासाठी पोरगी दोन दिवस पुटपुटत होती. अल्फानं जोडत गेलं की सगळी कडी एकाच तोंडानं बसतात आणि माळ जिन्यासारखी वळत जाते. बीटानं जोडायचं तर प्रत्येक दुसरं कडं उलटं करून बसवावं लागतं, विणकामात एक सुलटा एक उलटा टाका असतो ना, तसं. त्यामुळं माळ वळत नाही, सरळसोट राहते, आणि अशा सरळ माळा एकमेकींना चिकटून हायड्रोजन बंधांनी घट्ट बांधल्या जातात. म्हणून चादर वर्षानुवर्षं धुतली तरी पाण्यात विरघळत नाही. आपल्या लाळेतलं अमायलेज हे एन्झाइम अल्फा गाठ सोडतं, सेल्युलोजची बीटा गाठ सोडणारं एन्झाइम आपल्याकडं नाही. गाई-म्हशींच्यातपण त्यांचं स्वतःचं नाही, त्यांच्या पोटातले जंतू ते काम करतात, म्हणून कडबा खाऊन म्हैस दूध देते आणि आपण कडबा नुसता बघत बसतो.

करून बघा. दोन वाट्यांत ज्वारीच्या पिठाची पातळ पेज घ्या, पूर्ण थंड झालेली. एका वाटीत थोडी लाळ टाका (हो, थुंकायचंच आहे, पोरांना हा भाग सगळ्यात आवडतो), दुसरी तशीच. अर्धा तास थांबा, मग दोन्हीतला चमचा-चमचा बाजूला घेऊन आयोडीनचा थेंब टाका. साधी पेज काळी-निळी होते. लाळेची वाटी फिकी राहते, तपकिरी किंवा जरा लालसर, कारण लांब माळा तुटल्या. आयोडीन त्या जिन्याच्या वळणात आत जाऊन बसतं तेव्हा निळा रंग येतो, एका वळणाला साधारण सहा ग्लुकोज. माळच तुटली तर बसणार कुठं. भाकरीचा घास दोन मिनिटं चावत राहिलं की गोड लागतो तेपण यामुळंच.

मी मात्र "पूर्ण थंड" का म्हटलं ते सांगतो. पहिल्या दिवशी मी घाईत गरम पेजेतच थेंब टाकला, आणि काहीच झालं नाही. अजून दोन टाकले, काही नाही. भाची बघायली माझ्याकडं, आई म्हणाली औषध जुनं असंल. मी बाटलीची तारीख बघत बसलो, वाटी तशीच ओट्यावर राहिली, आणि दहा मिनिटांनी आई ओरडली, "अरं ह्ये निळं झालं की!" उष्णतेनं तो जिना सैल पडतो आणि आयोडीन बाहेर येतं, थंड झालं की पुन्हा जिना वळतो आणि रंग परत. ती वाटी मग आम्ही तीनदा तापवली आणि गार केली. ठरवून केलेल्या प्रयोगापेक्षा हा फसलेलाच जास्त शिकवून गेला.

कच्च्या केळ्याच्या कापावर आयोडीन टाका, काळंकुट्ट. पिकलेल्यावर टाका, फार कमी. पिकताना स्टार्चची साखर होते. हुरड्याचं नेमकं उलटं असतं, कोवळ्या दाण्यात साखर असते आणि दाणा भरत जाईल तसं तिचं स्टार्च होतं, म्हणून हुरडा ठराविक दिवसांतच गोड लागतो आणि नंतर नुसतं पीठ. आगटीवर भाजलेल्या गरम हुरड्याबरोबर शेंगा चटणी खाताना जीवरसायनशास्त्र कुणी आठवत नाही ते सोडा.

आता चादर. सेल्युलोजच्या माळा सरळ, त्यामुळं आयोडीननं निळा रंग यायला नको. मी मोठ्या तोऱ्यात कोऱ्या सुती कापडाच्या तुकड्यावर थेंब टाकला आणि तो निळा झाला! आता काय सांगायचं पोरीला. तेवढ्यात आमचे शेजारी, ज्यांचं आयुष्य यंत्रमागावर गेलं, ते म्हणाले कोरं कापड आहे, खळ असणार की त्याला. विणताना ताण्याचे धागे तुटू नयेत म्हणून त्यांना खळ लावतात आणि ती बऱ्याचदा स्टार्चचीच असते. गरम पाण्यात साबण लावून दोन-तीनदा खळबळून धुतलं, वाळवलं, परत थेंब टाकला, नुसता तपकिरी डाग. म्हणून दशी जुन्या, धुतलेल्या चादरीची घ्या असं वर लिहिलंय. आणि कपड्यावर आयोडीनचा डाग पडला तर व्हिटॅमिन सीची गोळी पाण्यात विरघळवून चोळा, डाग बघता बघता जातो, व्हिटॅमिन सी आयोडीनचं रंग नसलेलं आयोडाइड करून टाकतं.

आईनं यात एक प्रश्न घातला ज्याचं उत्तर ३६ पानांत नव्हतं. गव्हाची कणीक गार पाण्यात मळता येते, ज्वारीला आधण लागतं, का? गव्हात ग्लुटेन हे प्रथिन आहे, ते रबरासारखं जाळं करतं. ज्वारीत ग्लुटेन नाही, तिचं प्रथिन काफिरिन, ते तसं ताणलं जात नाही. मग चिकटपणा आणायचा कुठनं, तर उकळत्या पाण्यानं स्टार्चचे कण फुगवून. म्हंजे चपाती प्रथिनावर उभी आणि भाकरी स्टार्चवर. पीठ जुनं होऊन विरी गेलं की कितीही मळा, थापताना कडा चिरतातच, आधण जास्त घालावं लागतं. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालाय, पण तिचंही पीठ ताजं असलं तरच भाकरी देखणी होते.

शेंगा चटणी आणि तेल

इथं पटकन जातो. शेंगदाण्यात जवळपास निम्मं तेल आणि पाव हिस्सा प्रथिन. उखळात चटणी कुटताना तेल सुटतं ते बघितलंच असेल. एका कागदावर चटणी ठेवून दाबा, दुसऱ्या जागी पाण्याचा थेंब. तासाभरानं पाण्याचा डाग उडाला, तेलाचा तसाच, आणि उजेडाला धरला तर आरपार उजेड दिसतो. स्निग्ध पदार्थाची हीच सगळ्यात सोपी परीक्षा.

रचना: ग्लिसरॉलला तीन ओएच, प्रत्येकाला एक फॅटी ॲसिडची शेपटी, इंग्रजी ई अक्षर डोळ्यासमोर आणा. तीन गाठी म्हंजे तीन पाणी बाहेर. शेंगतेलात ओलिक ॲसिड भरपूर, त्याचं वजन २८२. ग्लिसरॉल ९२ अधिक तीन वेळा २८२ वजा ५४, बरोबर ८८४, सूत्र सी५७ एच१०४ ओ६. आता नीट बघा, ५७ कार्बनामागं ऑक्सिजन फक्त सहा. वजनात जेमतेम ११ टक्के, आणि ग्लुकोजमध्ये तोच ऑक्सिजन ५३ टक्के. ग्लुकोज हे आधीच अर्धवट जळलेलं सरपण आहे, तेल कोरडं खणखणीत. म्हणून ग्रॅमला साखर ४ कॅलरी देते आणि तेल ९. ही तुलना कळली की परत कधी ते आकडे उलटे लिहिणार नाही कुणी.

शेपटीत दुहेरी बंध असला की ती वाकडी होते, वाकड्या शेपट्या नीट रचून बसत नाहीत, म्हणून तेल पातळ. सरळ शेपट्यांचं तूप गोठतं. खोबरेल साधारण २४ अंशाखाली गोठतं, म्हणून जानेवारीत आपल्याकडं सकाळी बाटली उन्हात ठेवावी लागते आणि मे महिन्यात तेच पाण्यासारखं वाहतं. आणि एक, चरबीला पॉलिमर म्हणू नका. यात माळ नाही, चार तुकडे जोडले की काम संपलं. परीक्षेत हा हमखास खड्डा.

घोंगडी, दूध आणि मोरचूद

चादरीची दशी चिमट्यात धरून पेटवा, सिंकवर. कागद जळल्यासारखा वास, भुरकी राख. मग घोंगडीचा धागा पेटवा, आक्रसून गोळा होतो आणि केस जळाल्याचा वास येतो. लोकर आणि केस दोन्ही केराटिनचे, म्हंजे प्रथिन, त्यात नायट्रोजन आणि भरपूर गंधक. तो जो नाकात जातो ना तो उग्र वास, त्यात गंधक आहे. वितळून कडक मणी झाला तर दुकानदारानं पॉलिस्टर मिसळलंय, हा या धड्याचा व्यवहारातला फायदा.

प्रथिनात २० प्रकारची अमिनो आम्लं. सगळ्यांचा मधला भाग तोच ग्लायसिनसारखा, फक्त एका चण्याच्या जागी वेगवेगळी बाजूची साखळी. सगळं वैविध्य त्या एका जागेत. पण माळ नुसती बनून भागत नाही, ती नीट घडी व्हावी लागते, आणि ती कुठल्या कोनात वळू शकते याचा नकाशा १९६३ मध्ये मद्रासमध्ये जी. एन. रामचंद्रन यांनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर मांडला, जगभर अजून त्यांच्याच नावानं ओळखला जातो. गरम दुधात लिंबू पिळा, केसिनच्या (दुधातलं मुख्य प्रथिन) गुठळ्या बाहेर. अंडं उकडलं की पांढरं घट्ट होतं. दोन्हीत माळ तुटत नाही, अंड्यात तिची घडी विस्कटते. उकडलेलं अंडं गार केलं तरी परत पातळ होत नाही, पेजेचा निळा रंग मात्र परत आला होता, हा फरक पोरांना विचारा.

प्रथिनाची खरी परीक्षा बाययुरेटची, मोरचूद आणि कॉस्टिक सोडा, जांभळा रंग येतो. मोरचूद आपल्याकडं द्राक्ष-डाळिंबवाल्यांच्या घरी असतंच, बोर्डो मिश्रणासाठी. पण हे घरी करू नका, मोरचूद विषारी आणि कॉस्टिक सोडा कातडी जाळतो, डोळ्यात गेला तर संपलंच. कॉलेजच्या लॅबमध्ये करा. लक्षात एवढंच ठेवा की हा रंग पेप्टाइड बंधांमुळं येतो, नुसतं सुटं ग्लायसिन टाकलं तर जांभळं होत नाही.

अजून एक आकडा कामाचा आहे. प्रथिनात साधारण १६ टक्के नायट्रोजन, म्हणून नायट्रोजन मोजायचा आणि ६.२५ नं गुणायचं, की प्रथिन किती ते निघतं. नायट्रोजन मोजायची पद्धत १८८३ ची, डेन्मार्कच्या केल्डालची. तिची भानगड अशी की ती फक्त नायट्रोजन बघते, तो कुणाचा ते नाही. २००८ मध्ये चीनमध्ये दुधात मेलामाइन मिसळलं गेलं ते याच फटीतनं, मेलामाइनच्या वजनाचा दोन तृतीयांश भाग नायट्रोजन आहे, मोजणीत प्रथिन भरपूर दिसतं आणि बाळांची मूत्रपिंडं जातात.

केळ्यातला डीएनए

हा शेवटी ठेवा, कारण यात आधीचं सगळं लागतं. स्पिरिट आदल्या रात्री फ्रीजरमध्ये (झाकण घट्ट, आणि गॅसपासून लांब, ते पेटतं). पिकलेलं केळं अर्धं घ्या, ते अर्धा कप पाणी आणि अर्धा चमचा मीठ घालून कुस्करा. त्यात चमचाभर भांड्याचं लिक्विड टाकून हळू ढवळा, फेस करायचा नाही. दहा मिनिटं ठेवा, मग धुतलेल्या सुती कापडातनं गाळा, पिळू नका, आपसूक गळू द्या. गाळलेलं काचेच्या उभ्या ग्लासात घ्या आणि ग्लास तिरका करून कडेकडेनं तेवढंच गार स्पिरिट सोडा, वर वेगळा थर राहिला पाहिजे. पाचेक मिनिटांत दोन थरांच्या मध्ये पांढरे, बुडबुडे अडकलेले, शेंबडासारखे धागे वर यायला लागतात. टूथपिकवर गुंडाळून घ्या.

साबण कशाला? पेशीचं आवरण फॉस्फोलिपिडचं, म्हंजे तीच ग्लिसरॉलची ई, पण तिसऱ्या शेपटीच्या जागी फॉस्फेट. भांड्याचं तेल निघतं तसं तेही निघतं. मीठ कशाला? डीएनएच्या कण्यावर फॉस्फेट असतात, त्यांच्यावर ऋण भार, ते एकमेकांना ढकलतात, मिठातला सोडियम तो भार झाकतो. स्पिरिट कशाला? त्यात डीएनए विरघळत नाही, बाहेर पडतो. मात्र पोरांना खरं सांगा, तो शुद्ध डीएनए नाही, आरएनए, थोडी प्रथिनं आणि केळ्यातलं पेक्टिनपण त्यात आहे.

रचनेत एक तुकडा म्हंजे तीन वस्तू: पाच कार्बनची साखर, फॉस्फेट आणि एक बेस (ए, टी, जी, सी या चारांपैकी एक). ए समोर टी, दोन हायड्रोजन बंध, जी समोर सी, तीन. साखर-फॉस्फेट-साखर-फॉस्फेट हा कणा, आणि गाठ मारायची रीत परत तीच, पाणी काढा. हे पहिल्यांदा वेगळं काढलं १८६९ मध्ये फ्रीडरिश मिशर यानं, दवाखान्यातल्या पट्ट्यांवरच्या पुवातनं. हे ऐकल्यावर केळं बरं असं भाचीचं मत पडलं. त्याला त्यात गंधकाऐवजी फॉस्फरस सापडला, म्हणून हे प्रथिन नव्हे हे त्याला उमगलं. दुहेरी शिडीचा आकार कळायला १९५३ उजाडलं.

स्वतःची परीक्षा

सगळं झाल्यावर पुस्तक न उघडता एकच गणित घाला. इन्सुलिनमध्ये ५१ अमिनो आम्लं आहेत, ती जोडताना पाण्याचे किती रेणू निघाले? (त्या आम्लांचा क्रम फ्रेडरिक सँगर यांनी उलगडला, १९५८ चं नोबेल.) भाचीनं लगेच सांगितलं ५०, बोटं मोजून, माळेत मण्यांपेक्षा गाठी एकनं कमी. मी म्हटलं चुकलं. ती चिडली. मग सांगितलं की इन्सुलिनच्या माळा दोन आहेत, एक २१ ची आणि एक ३० ची. ती थोडा वेळ टूथपिक चावत बसली आणि म्हणाली २० आणि २९, ४९, पण मामा मग त्या दोन माळा एकमेकींना धरून कशा राहतात? गंधकाचे पूल असतात म्हटलं, आणि ती उठून ओट्यावर पडलेला घोंगडीचा अर्धा जळका धागा घेऊन आली, म्हणे याच्यातला तोच का.